कर्ल बसतो तो थंड होताना

नव्यानं कर्लिंग वाँड घेतलेल्या मुलींची तक्रार बहुतेक एकच असते. घरातून निघताना केस झकास दिसत होते, कार्यालयात पोचेपर्यंत सगळे सरळ. बारामतीच्या भिगवण रोडला लग्न, मुहूर्त बारा-पस्तीसचा, घर इंदापूरच्या बाजूला आणि मधला प्रवास दुचाकीवर, डोक्याला स्कार्फ गुंडाळून. मंगलाष्टका सुरू व्हायच्या आत बटांनी मान टाकलेली असते. मग पुढच्या लग्नाला वाँडचं तापमान वाढवलं जातं. दीडशेवरून दोनशे, दोनशेवरून दोनशे तीस. कर्ल तरीही टिकत नाही, शेंड्यांना जळका वास मात्र येऊ लागतो.

तापमान कमी पडलं म्हणून कर्ल सुटला, असं क्वचितच घडतं. केस आतून ओलसर राहणं, बट जाड घेणं आणि कर्ल गरम असतानाच त्यात बोटं घालणं, ही खरी कारणं. बारामती-इंदापूर पट्ट्यात चौथं कारण त्यात मिसळतं, ते पाण्याचं. या चारांचा बंदोबस्त झाला की साध्या वाँडनं, मध्यम तापमानावर, घरच्या घरी काढलेला कर्ल जेवणाच्या पंगती उठेपर्यंत सहज तग धरतो.

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवणारे बंध निरनिराळे आहेत. गंधकाचे बंध भक्कम. पार्लरमध्ये पर्मिंग किंवा कायमचं स्ट्रेटनिंग करताना रसायनं लावून हेच बंध तोडतात आणि नव्या आकारात जोडतात. घरच्या वाँडचा त्यांच्याशी संबंध येत नाही, येऊही नये. वाँडचं काम चालतं ते हायड्रोजन बंधांवर. एकेकटा बंध नाजूक, पण संख्येनं ते अफाट असतात. पाण्यानं सुटतात, उष्णतेनंही सुटतात, आणि केस वाळला किंवा निवला की तो ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. रात्री ओलसर केसांची वेणी घालून झोपलं तर सकाळी केसांना लाटा येतात, त्या याचमुळे.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की बंध वाँडवर सुटतात आणि वाँडवरून उतरल्यावर जुळतात. कर्ल पक्का होण्याचं काम बट वाँडवरून सुटल्यानंतरच्या काही मिनिटांत चालतं. इस्त्री करून गरमागरम शर्ट लगेच पिशवीत कोंबला तर त्यावर नव्या सुरकुत्या बसतात, हँगरला लावून निवू दिला तर इस्त्री राहते. केसाचंही तसंच आहे. गरम बटेतून कंगवा फिरवला की तिनं धरू पाहिलेला आकार आपणच मोडतो, आणि ती सरळ होतानाच थंड होते.

हा कारभार जुना आहे. पॅरिसमध्ये १८७० च्या दशकात मार्सेल ग्रातो या केशकर्त्यानं तापवलेल्या चिमट्यानं केसांना लाटा देण्याची पद्धत रूढ केली. चिमटा ज्योतीवर तापवायचा, तेव्हा तापमान कळायला ना काटा ना दिवा. म्हणून या पद्धतीचे कारागीर चिमटा आधी कागदावर टेकवून बघत. कागद करपला की चिमटा बाजूला ठेवून निवू द्यायचा. ही परीक्षा आजही उपयोगी पडते, कारण स्वस्तातल्या बऱ्याच वाँडवर आकडे नसतात, नुसता लाल दिवा असतो. पूर्ण तापलेल्या वाँडवर पांढरा टिश्यू कागद पाच-सहा सेकंद धरावा. त्यावर तांबूस डाग उठला तर तेवढ्या तापलेल्या नळीला केस लावू नयेत. वाँड बंद करून जरा निवला की पुन्हा कागद लावून बघावा.

वाँड नवीनच घ्यायचा असेल तर तापमान कमीजास्त करता येणारा घ्यावा. बाकी कशात तडजोड चालेल, यात नको. वाँडला केस पकडणारा चिमटा नसतो, नुसती गोल नळी असते. चिमटा असलेल्या यंत्राला कर्लर किंवा टाँग म्हणतात. टाँगमध्ये शेंडा पकडला जातो म्हणून ते सुरुवातीला सोपं वाटतं, पण चिमट्याची आडवी खूण केसावर उमटते आणि शेंडा सर्वांत जास्त वेळ तापतो. शेंडा हा केसाचा सर्वांत जुना, सर्वांत झिजलेला भाग. वाँडवर तो मोकळा सोडता येतो. नळीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. खांद्यापर्यंतच्या किंवा त्याहून थोड्या लांब केसांना २५ मिलिमीटरची नळी नवख्या हाताला बरी पडते. १९ ची नळी घट्ट, छोटे कर्ल देते. ३२ ची नळी सैल लाटा देते, पण लांब आणि जड केसांत त्या लवकर सुटतात. कंबरेपर्यंत केस असलेल्यांना पार्लरमधल्या फोटोसारख्या मोठ्या लाटा हव्या असतात आणि त्या ३२ ची नळी घेऊन बसतात. केसांच्या वजनानं कर्ल तासाभरात अर्धा उलगडतो, हे धरून त्यांनीही २५ चीच नळी घ्यावी. उलगडल्यावर हवी ती लाट आपोआप मिळते.

नळीवर सिरॅमिकचा लेप असेल तर उष्णता सारखी पसरते. टायटॅनियमची नळी झपाट्यानं तापते, ती सरावलेल्या हातासाठी ठीक. उष्णतेचा हातमोजा सोबत येतो. तो पिशवीतच राहू देऊ नये, पहिले काही महिने तरी घालावा. ठरावीक वेळानं आपोआप बंद होण्याची सोय असेल तर दोनशे रुपये जास्त गेले तरी हरकत नाही. फिलिप्स, वेगा, हॅवेल्स अशा कंपन्यांचे वाँड आणि कर्लर तालुक्याच्या दुकानांतही मिळतात. बिल आणि वॉरंटी कार्ड मागून घ्यावं.

एक प्रसंग इथल्या पुष्कळ घरांत येतो. मुलगा किंवा जाऊबाई अमेरिकेत असते, दिवाळीला येताना चांगला महागाचा वाँड घेऊन येते. प्लगला ॲडॉप्टर लावला की झालं, असं वाटतं. ॲडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, दाब बदलत नाही. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० व्होल्टची. वाँडच्या मुठीवर किंवा वायरीवरच्या पट्टीवर बारीक अक्षरांत १००–२४० असं लिहिलेलं असेल तर खुशाल लावावा. नुसतं १२० लिहिलेलं असेल तर लावूच नये. तो क्षणात बेसुमार तापतो आणि जळतो, कधी कधी हातात असतानाच.

आता पाण्याकडे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू जमिनीला ऊस दिसला. पंचवीसेक वर्षांतच कालव्याखालच्या जमिनी क्षारपड होऊ लागल्या. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींवर १९१० मध्ये स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. जमिनीत मुरलेलं हेच पाणी पुढे विहिरी-बोअरला येतं. वाड्या-वस्त्यांवर राहणाऱ्यांना ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. बादलीच्या आत पांढरा थर चढतो, नळाच्या तोटीला खडे धरतात, साबणाला फेस येत नाही.

त्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार केसांवरही बसतात. रंगवलेल्या आणि रसायनं लावलेल्या केसांवर जास्त बसतात, कारण त्यांची वरची खवल्यांची साल उघडी पडलेली असते. अंगाचा साबण डोक्याला लावला तर जड पाण्यात त्याचा चिकट साका होतो आणि तो धुवून जात नाही. असे केस हाताला राठ लागतात, एकमेकांत अडकतात, वाँडवर सपाट गुंडाळले जात नाहीत. मग कर्ल वेडावाकडा येतो आणि दोष वाँडला जातो. उपाय खर्चिक नाही. डोक्याला साबणाऐवजी शाम्पू वापरावा. पंधरा-वीस दिवसांतून एकदा क्षार काढणारा, म्हणजे बाटलीवर क्लॅरिफाइंग किंवा चिलेटिंग असं लिहिलेला शाम्पू घ्यावा. आणि समारंभाच्या आदल्या दिवशी केस धुताना शेवटचे दोन-तीन तांबे तरी फिल्टरच्या पाण्याचे घ्यावेत. गावोगावी फिल्टरच्या पाण्याचे वीस लिटरचे जार मिळतात, त्यातलं एवढंसं पाणी डोक्याला गेलं तर ते वाया गेलं असं घरातल्या कुणी म्हणू नये.

केस आदल्या दिवशीच धुवावेत. समारंभाच्या सकाळी नाहून घाईघाईनं वाँड लावणं, ही सर्वांत मोठी चूक. अगदी ताजे धुतलेले केस निसरडे असतात, कर्ल धरत नाहीत. शिवाय वरून कोरडे लागणारे दाट केस मानेपाशी आत ओलसर राहतात. अशा केसाला तापलेली नळी लागली की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला जागा नसते, आणि केसाच्या आत बुडबुडे तयार होतात. त्वचारोगतज्ज्ञ याला बबल हेअर म्हणतात. तिथून केस कडकन तुटतो आणि त्यावर कुठलंही सिरम काम करत नाही. १२५ अंशांसारख्या कमी तापमानाचा चिमटाही मिनिटभर एकाच जागी धरला तर असे बुडबुडे होऊ शकतात, असं आढळलेलं आहे. म्हणून वाँडवर बट टाकताच चर्र असा आवाज आला किंवा वाफ दिसली तर तिथंच थांबावं. पंखा लावून केस आणखी अर्धा तास वाळू द्यावेत. मुहूर्त चुकणार असेल तर सरळ अंबाडा घालावा, पण ओल्या केसाला वाँड लावू नये.

तेलाचं काय, हा प्रश्न आई-आजीकडून हमखास येतो. कर्ल करायच्या दिवशी केसाला तेलाचा थेंबही नको. तेलकट बट नळीवर घसरते, धुरकट वास येतो, आणि केस चपटे पडून कर्ल जड होतो. त्याऐवजी हीट प्रोटेक्टंट नावाचा फवारा मिळतो. त्यातली सिलिकोन आणि इतर द्रव्यं केसावर पातळ पापुद्रा धरतात, त्यामुळे उष्णता सावकाश आणि सारखी पोचते. तो मारल्यावर केस पुन्हा पूर्ण वाळू द्यायचे, नाहीतर ओल्या केसांचीच गत. फवारा मारला म्हणून दोनशे तीस अंश चालतील, असं मात्र नाही. तो नुकसान कमी करतो, टाळत नाही.

पातळ, मऊ, किंवा रंगवलेल्या केसांना १२० ते १५० अंश पुरतात. मध्यम केसांना १५० ते १७५. अगदी जाड, राठ केसांना १८५ पर्यंत जावं. दोनशेच्या पुढे घरात जाण्याचं कारण नाही, त्या सुमाराला केराटिनच खराब होऊ लागतं आणि ते पुन्हा जागेवर येत नाही. सुरुवात नेहमी आपल्या गटातल्या खालच्या आकड्यानं करावी आणि मानेमागची, कुणाला न दिसणारी एक बट आधी करून बघावी. ती पूर्ण निवल्यावर टिकली तर तेच तापमान अख्ख्या डोक्याला. टिकली नाही तर आधी बट बारीक करावी, आणि तरीही नाही जमलं तरच दहा अंश वाढवावेत. ज्यांनी स्मूदनिंग किंवा केराटिन ट्रीटमेंट करून घेतली आहे त्यांनी आधी पार्लरमध्ये विचारावं. काही ट्रीटमेंटमधल्या रसायनांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, तो डोळ्यांना आणि श्वासाला त्रासदायक असतो.

हात बसण्यासाठी पहिले काही दिवस वाँडची पिन लावूच नये. थंड वाँड घेऊन आरशासमोर बट गुंडाळायची, सोडायची, दुसऱ्या बाजूला करायची. आरशात उजवं-डावं उलट दिसतं, मनगट भलत्याच दिशेला वळतं आणि भाजतं ते इथंच. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, तिथंही मुलींचा हात आधी पुतळ्याच्या डोक्यावर बसवतात. घरी पुतळा नसतो, पण थंड वाँड असतो.

एकच बट नीट समजून घेतली की बाकी डोकं त्याच रीतीनं होतं. केस विंचरून मानेपासून थर पाडावेत, वरचे केस मोठ्या चापानं डोक्यावर अडकवून ठेवावेत. मानेजवळच्या थरातून साधारण दोन सेंटिमीटर रुंदीची बट घ्यावी. नळीच्या जाडीपेक्षा ती रुंद नको. शेपटीच्या कंगव्यानं ती एकदा विंचरावी, एकही गाठ राहू नये. वाँड उभा धरावा, टोक जमिनीकडे आणि वायर वरच्या बाजूला. नळी बटेच्या मागं न्यावी. टाळूपासून तीन-चार बोटं सोडून गुंडाळायला सुरुवात करावी आणि नळीवर एकाखाली एक वळसे घेत खाली यावं. वळसा दुसऱ्या वळशावर चढू देऊ नये, नाहीतर वरच्या केसांना आच लागतच नाही. बटेला पीळही पडू देऊ नये, ती नळीवर सपाट बसली पाहिजे. शेवटचे दोन सेंटिमीटर गुंडाळायचे नाहीत, मोजा घातलेल्या बोटांत नुसते धरून ठेवायचे. मनातल्या मनात पाच ते आठ आकडे मोजावेत. मोकळ्या हाताच्या बोटानं नळीपासून जरा लांबून बट चाचपली की ती सगळीकडून ऊन लागते, तेवढं पुरे. मग उलगडायचं नाही. वाँड सरळ वर ओढून घ्यायचा आणि वेटोळं तळहातावर झेलायचं. ते गरम वेटोळं तसंच गोल धरून टाळूच्या दिशेनं उचलायचं आणि यू पिन किंवा छोट्या चापानं अडकवून टाकायचं. पिना नसतील तर निदान तळहातावर दहा-पंधरा सेकंद धरून मग हळूच सोडावं.

चेहऱ्याजवळच्या बटा दोन्ही बाजूंना चेहऱ्यापासून बाहेर वळवाव्यात. म्हणजे उजवीकडे एक दिशा, डावीकडे तिच्या उलट. मागं मात्र एक बट या दिशेनं, शेजारची त्या दिशेनं, असं करत जावं. सगळ्या एकाच दिशेला वळल्या तर तासाभरात त्या एकमेकींत मिसळतात आणि मागून एकच जाड गुंडाळी दिसते. पाठीमागचं स्वतःला जमत नाही म्हणून रडकुंडीला येण्यापेक्षा तेवढ्यापुरती बहिणीची किंवा वहिनीची मदत घ्यावी. ज्या बटेला एकदा वाँड लागला तिला त्या दिवशी दुसऱ्यांदा लावू नये, फारच वाकडी आली असेल तर ती मागं पिनेत दडवावी.

अख्खं डोकं झालं की हात लावायचा नाही. चहा घ्यावा, साडीच्या निऱ्या काढून घ्याव्यात, बांगड्या भराव्यात. पंधरा-वीस मिनिटांनी टाळूजवळ बोट घालून बघावं, जराही ऊब लागत असेल तर थांबावं. पूर्ण निवल्यावर पिना काढून, डोकं खाली करून बोटांनी कर्ल सुटे करावेत. कंगवा नको. शेवटी हात-दीड हात लांबून हेअर स्प्रेचा हलका फवारा. हा स्प्रे ज्वालाग्राही असतो, त्यामुळे वाँडची पिन काढल्यानंतर आणि देवघरातल्या समईपासून लांब जाऊनच मारावा. वधूनं लाजाहोमाला बसण्याच्या तोंडावर तर मुळीच नको.

पार्लरच्या व्हिडिओत न सापडणाऱ्या अडचणी आपल्या लग्नात असतात. मुंडावळ्या कपाळावरून बांधल्या की पुढच्या बटा चेपतात, म्हणून मुंडावळ्या आधी बांधून बघाव्यात, त्यांची दोरी कुठून जाते ते लक्षात ठेवावं आणि चेहऱ्यालगतच्या दोन-तीन बटा त्यानंतर शेवटी कराव्यात. तेव्हा नळी आणि मोत्यांच्या मधे एक हात आडवा ठेवावा. गजरा ताजा राहावा म्हणून फुलवाला त्यावर पाणी शिंपडतो. तो तसाच माळला तर खालच्या बटा ओल्या होऊन अर्ध्या तासात सरळ होतात. गजरा झटकून सुती कापडावर पाच-दहा मिनिटं ठेवावा, आणि कर्लवर न सोडता वर, अर्ध्या बांधलेल्या केसांच्या पिनेभोवती माळावा. अक्षतांचे तांदूळ मोकळ्या कर्लमध्ये हमखास अडकतात. ते एकेक करून काढावेत, झटकण्यासाठी केसांतून बोटं फिरवली की सगळं विस्कटतं.

दुचाकीवरचा स्कार्फ हा या भागातला कर्लचा खरा शत्रू. धूळ आणि ऊन इतकं, की तो सोडून चालत नाही, आणि चालवणाऱ्याला हेल्मेट तर हवंच. त्यावर एक जुनी युक्ती चालते. वाँडवरून उतरवलेली वेटोळी पिना लावून तशीच ठेवायची, त्यावर रेशमी किंवा साटीनची जुनी ओढणी सैल बांधायची आणि कार्यालयात पोचल्यावर पिना काढायच्या. सुती स्कार्फपेक्षा गुळगुळीत कापडाखाली केस कमी घासतात. ज्यांना हेल्मेट घालायचं आहे त्यांना ही युक्ती नाही जमत. त्यांनी वाँड पिशवीत घेऊन वधूच्या खोलीत जाऊन केलेलं बरं.

हवेचा हिशेबही ठेवावा लागतो. दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते आणि कोरड्या हवेत कर्ल छान टिकतो, त्याला सोडवतो तो टाळूचा घाम. म्हणून उन्हाळ्यात मुळांपासून कर्ल काढायच्या फंदात पडू नये, कानाच्या खालून सुरुवात करावी. पावसाळ्यात, किंवा भिगवण-पळसदेवकडे उजनीच्या फुगवट्याच्या काठानं हवा दमट असते. हवेतलं पाणी तेच हायड्रोजन बंध पुन्हा सोडवतं. अशा दिवशी कर्ल हवा त्याहून थोडा घट्ट काढावा, म्हणजे संध्याकाळी हवा तसा राहतो.

विजेचंही थोडं. बहुतेक वाँड शंभर वॉटच्या आतले असतात, घरच्या इन्व्हर्टरवर चालतात. शेतीपंप सुरू असताना दाब कमी झाला तर वाँड तापायला वेळ लागतो. तो वेळ द्यावा, आकडा वाढवू नये, कारण दाब पूर्ववत झाला की तो वाढवलेल्या आकड्यापर्यंत जातो. वाँड गादीवर, रजईवर किंवा साड्यांच्या ढिगावर टेकवू नये. कडप्प्याचा किंवा फरशीचा कट्टा बरा. वायर लोंबकळू देऊ नये, रांगतं मूल आधी तीच ओढतं. सिंथेटिक साडी नेसायची असेल तर केस आधी, साडी नंतर.

भाजलंच तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली ती जागा वीस मिनिटं धरावी. बर्फ, हळद, टूथपेस्ट, तूप यांतलं काहीही लावू नये. अंगठी किंवा बांगडी त्या हातात असेल तर सूज यायच्या आत काढावी. मोठा फोड आला, किंवा डोळ्याजवळ भाजलं तर बारामतीचं सिल्व्हर ज्युबिली रुग्णालय असो की गावातला दवाखाना, डॉक्टरांना दाखवावंच. फोड फोडू नये.

केस जात्याच कुरळे किंवा लहरी असतील त्यांनी वाँड विकत घेण्याआधी एक करून बघावं. धुतल्यावर ओल्या केसांत कंडिशनर असतानाच मोठ्या दातांच्या फणीनं गुंता काढावा, मग टॉवेलनं न रगडता जुन्या सुती टी-शर्टनं पाणी टिपावं आणि वाळेपर्यंत फणी लावू नये. वर्षानुवर्षं तेल लावून, घट्ट वेणी घालून सरळ मानलेले कित्येक केस मुळात वळणदार निघतात. मिथिला पालकरसारखी अभिनेत्री आपले कुरळे केस तसेच ठेवून पडद्यावर वावरली, त्यानं अनेक मुलींना आरशात वेगळं बघायला लावलं. अशा केसांना वाँड लागलाच तर समोरच्या एक-दोन हट्टी बटांपुरता.

शाळकरी मुलींना स्नेहसंमेलनासाठी कर्ल हवे असतात. त्यांच्या केसांना वाँड नको. रात्री नव्वद टक्के वाळलेल्या केसांचे पदर करून जुन्या सुती साडीच्या चिंध्यांवर गुंडाळावेत, गाठी माराव्यात आणि सकाळी सोडावेत. चिंधी जितकी वर बांधली, तितका कर्ल वरपर्यंत येतो. वीज लागत नाही, भाजायची भीती नाही, आणि थंडीत तर हे वाँडच्या तोडीस तोड टिकतं.

समारंभ आटोपला की त्याच रात्री केस ओरबाडून विंचरू नयेत. स्प्रेनं ते कडक झालेले असतात. बोटांनी मोकळे करून सैल वेणी घालावी. दुसऱ्या दिवशी खोबरेल तेल लावावं आणि तासाभरानं शाम्पूनं धुवावेत. मॅरिको कंपनीच्या मुंबईतल्या संशोधक आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खनिज तेल, सूर्यफुलाचं तेल आणि खोबरेल यांची तुलना करून दाखवलं होतं, की केसातल्या प्रथिनाची झीज तिन्हींपैकी खोबरेलानंच लक्षणीय कमी होते. त्यातलं लॉरिक आम्ल सरळ आणि छोट्या साखळीचं असल्यानं केसाच्या आत शिरतं. खराब झालेल्या केसांनाही त्याचा उपयोग होतो, हे त्या प्रयोगात दिसलं. पुढचे आठ-दहा दिवस तरी त्या केसांना वाँड, स्ट्रेटनर काहीच लावू नये. आणि वाँड पूर्ण थंड झाल्यावर, पिन काढलेली असताना, नळीवर चिकटलेला स्प्रेचा तपकिरी थर स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेल्या कापडानं पुसून काढावा. तो थर राहिला तर पुढच्या वेळी केस नळीला चिकटतात आणि तिथंच करपतात. वायर नळीभोवती घट्ट न गुंडाळता सैल वेटोळं करून ठेवावी, मुठीपाशी ती आतून तुटते ती याच सवयीमुळे.